ऋणनिर्देशाचं पान

१

प्रबंध बांधायचा तर पानांचा क्रम ठरलेला असतो. आधी शीर्षकाचं पान. मग मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र. मग प्रतिज्ञापत्र, म्हणजे हे काम माझं स्वतःचं आहे असं विद्यार्थ्याने सही करून दिलेलं पान. त्यानंतर ऋणनिर्देश, मग अनुक्रमणिका, आणि मग ती तीन-चारशे पानं, ज्यांतलं मला काही कळत नाही. मी नववीतून शाळा सोडली. पण हा क्रम मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल.

कॉलेज रोडच्या एका गल्लीत जमीलभाईंचं झेरॉक्स आणि बायंडिंगचं दुकान आहे. पुढे दोन मशिनं आणि एक कॉम्प्युटर. मागे पडद्याआड कापायचं मशीन, खळीचा डबा आणि दाबाखाली ठेवलेली पुस्तकं. मी तिथे सहा वर्षं आहे. काळं रेक्झिन चढवायचं, पाठीवर सोनेरी अक्षरं उमटवायची, रात्रभर दाबाखाली ठेवायचं. जमीलभाई म्हणतात, "सोमनाथ, ही पुस्तकं दुनियेत दोघंच उघडतात. एक लिहिणारा आणि एक तू."

मी उघडायचो ते ऋणनिर्देशासाठी. बाकीची पानं डोक्यावरून जायची, पण त्या पानात माणसं असायची. कुणी बायकोचे आभार मानलेले, कुणी ग्रंथपालाचे, कुणी सासऱ्याचे. येवल्याच्या एका पोराने तर म्हशीचे मानले होते. तिच्या दुधावर माझं शिक्षण झालं, असं त्याने सरळ लिहिलं होतं. जमीलभाईंना ते वाचून दाखवलं तर म्हणाले, "म्हैस आली होती का रे व्हायवाला?"

माझी मोठी बहीण वेदिका मागच्या फेब्रुवारीत वारली. मी तिला ताई म्हणायचो. तिचाही प्रबंध होता, आणि तो माझ्याच हातून बांधून व्हायचा होता.

२

ताई आणि मी नाशिक रोडला एका खोलीत राहायचो. ती गेल्यावर आई दिंडोरीकडचं गाव सोडून माझ्याकडे आली. वडील आम्ही लहान असतानाच गेलेले. जानेवारीत एका सकाळी भाकरी थापता थापता आई म्हणाली, "सोम्या, वर्षश्राद्ध आलं. ताईचं पुस्तक कुठं हाय?"

"कुठलं पुस्तक?"

"येड्याचं सोंग नको घेऊ. चार वर्सं लिवत होती पोरगी. मला फोटोपुढं ठेवायचंय. आन् त्यातलं तू वाचून दाखवायचं."

"तुला कळणार नाय ते. मलाच कळत नाय."

"नाय कळलं तर नाय कळलं. तिनं लिवलेलं कानावर तर पडंल."

मी म्हणालो, छापायला टाकलंय. आई पुन्हा परातीकडे वळली.

खरं काय झालं ते मी इथे लिहितो. हे मी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

ताई गेली त्याच्या आधीच्या रविवारी आमचं भांडण झालं. ती फोनवर मैत्रिणीला म्हणत होती, "नाही गं, भाऊ झेरॉक्सच्या दुकानात असतो, त्याला यातलं काय कळतंय." ती हसून म्हणाली होती. मी तिच्या वह्या उचलून मोरीत टाकल्या. त्या तिने गुपचूप वाळवल्या. मंगळवारी सकाळी माझ्या हातात पेनड्राइव्ह दिला आणि म्हणाली, "पाच प्रती काढ. शुक्रवारी द्यायच्यात. आणि नीट बांध हां सोम्या, तुझ्या बहिणीचं पुस्तक आहे."

मी दुकानात फाइल उघडली आणि सवयीने आधी ऋणनिर्देशावर गेलो. मार्गदर्शक सर. ग्रंथपाल. आमच्या घरमालकीणबाई. बागेत काम करताना तिच्याशी बोललेल्या बायका. मोहाडीच्या एका चिमणाबाईने पाणी आणि भाकरी दिली, तिचे आभार. सुटे नसताना तिकीट देणाऱ्या एसटीच्या कंडक्टरचे आभार. शेवटी आई. मी तीनदा वाचलं. त्यात मी नव्हतो.

त्याच दुपारी जमीलभाई जेवायला गेलेले असताना एक साहेब आला. चांगले कपडे, हातात गाडीची किल्ली. म्हणाला, "तयार काही आहे का? ग्रामीण बायकांवरचं असलं तर बरं. शीर्षकाचं मी बघतो." असे आयता प्रबंध मागणारे लोक येतात. आम्ही त्यांना हाकलतो, जमीलभाईंना ते चालत नाही. मी ताईचा पेनड्राइव्ह त्याच्या हातावर ठेवला. पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर निदान चोरी म्हणता आली असती. त्याने चिठ्ठीवर नाव आणि नवं शीर्षक लिहून दिलं. ती पानं मीच टाइप केली. मीच पाच प्रती काढल्या आणि बुधवारी बांधून दिल्या.

गुरुवारी दुपारी ताईचे सात फोन आले. तिला कळलं असं मला वाटलं. मी फोन खळीच्या डब्याशेजारी पालथा ठेवला. ती स्कूटीवरून दुकानाकडे यायला निघाली, आणि द्वारका चौकाजवळ तिला ट्रकने उडवलं. लॅपटॉप तिच्या पाठीवरच्या सॅकमध्ये होता, त्याचे तुकडे झाले. तिच्या सरांनी शेवटचा मसुदा पाहिलाच नव्हता, ती छापूनच आणणार होती.

सिव्हिल हॉस्पिटलमधून मी आधी दुकानात गेलो. कॉम्प्युटरवर 'ताई' नावाचं फोल्डर होतं ते पुसलं. मग ते जिथे जाऊन पडतं तिथूनही पुसलं. त्यानंतर मी रडलो.

३

सगळ्या विद्यापीठांचे प्रबंध जिथे चढवतात अशी एक साइट आहे. व्हायवा झाला की चढवावंच लागतं, हे जमीलभाईंकडून माहीत होतं. म्हणजे ताईचं पुस्तक तिथे कुणाच्या तरी नावाने असणार. ते काढायचं, छापायचं, वर ताईचं नाव घालायचं आणि आईपुढे ठेवायचं, असं मी ठरवलं.

त्या साहेबाचं नाव मला आठवत नव्हतं. आम्ही दिवसाला वीस नावं टाइप करतो. आणि ताईचा विषय मला माहीत नव्हता. हे लिहितानाही मान खाली जाते. चार वर्षं एका खोलीत राहून मी तिला कधी विचारलं नव्हतं, आणि शीर्षकाचं पान बदलतानाही ते वाचलं नव्हतं. बायका, बागा, प्रश्नांची वही, एवढंच डोळ्यांपुढे होतं. मी वाचलेलं तिचं एकच पान, ते मात्र पाठ होतं.

म्हणून मी रोज दुपारी दोन ते चार, गिऱ्हाईक नसताना, एकेक प्रबंध उघडायचो. साइटवर प्रत्येक प्रबंधाचे तुकडे करून ठेवलेले असतात. पहिल्या तुकड्यात ऋणनिर्देश असतो. तो उघडायचा, एसटीचा कंडक्टर आहे का बघायचं, नसला की बंद. समाजशास्त्र झालं, भूगोल झाला. मग गृहविज्ञान, अर्थशास्त्र, शेती. त्या साइटवर बोट जरा इकडेतिकडे पडलं की भलत्याच विषयात जायला होतं. कुणी कांद्याच्या कुजण्यावर लिहिलंय, कुणी वटवाघळांच्या दातांवर, कुणी ढोलकीच्या कातड्यावरच्या शाईवर.

"पीएचडी करतोस काय रे?" जमीलभाई म्हणाले.

"हो. तुमच्यावर."

"मग आभारात माझी बायको टाक. तिच्यामुळे मी टिकलो."

चौथ्या दिवशी कांद्याच्या त्या प्रबंधात मी थांबलो. नामपूरच्या एका माणसाचा, पंधरा वर्षांपूर्वीचा. ऋणनिर्देशाच्या शेवटी लिहिलं होतं, 'धाकटा भाऊ सोमनाथ याचे आभार.'

मला हसू आलं. सोमनाथ गल्लोगल्ली असतात. आपलं नाव ताईच्या पानात नाही आणि नामपूरच्या कांद्यात आहे, म्हणून हसू आलं. मी ते बंद केलं.

४

वटवाघळांचा प्रबंध इंग्रजीत होता. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण स्वतःचं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते कळतं. ऋणनिर्देशाच्या शेवटच्या ओळींत ते दिसलं.

"जमीलभाई, एवढं वाचा ना."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "माय यंगर ब्रदर सोमनाथ... धाकटा भाऊ सोमनाथ, जो... थांब. जो कुकरची शिट्टी होऊ देत नव्हता. त्याचे आभार." त्यांनी चष्मा परत वर सरकवला. "काय पण लोक आहेत. वटवाघूळ आणि कुकर."

ताईची बारावी होती तेव्हा आमच्या गावच्या घरात भिंती पत्र्याच्या होत्या. शिट्टी झाली की ती दचकायची आणि वाचलेलं विसरायची. आई बागेत कामाला गेलेली असायची. मी चुलीशी उभा राहून शिट्टी व्हायच्या आत उलथन्याने वजन उचलून धरायचो. हात भाजायचा. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ताईला ते माहीत असेल असंही मला कधी वाटलं नव्हतं.

लिहिणारी बाई तामिळनाडूची होती. तिच्या भावाचं नाव सोमनाथ असेलही. शिकणारी पोरगी असलेल्या प्रत्येक घरात शिट्टी धरणारा एखादा भाऊ असेलही. मी स्वतःला असं समजावलं आणि त्या दिवशी कॉम्प्युटर लवकर बंद केला.

तेव्हा मला मागून आवाज आला. पडद्याआडून, पान उलटल्याचा. पंख्याने कागद उडाला असेल म्हणून मी पंखा बंद केला. थोडा वेळ गेला. एखादं पान सावकाश वाचायला लागतो तेवढा. मग पुन्हा एक पान उलटलं. मी पडदा सारला. मागे पाच पुस्तकं दाबाखाली होती, पेच पूर्ण आवळलेला. ती उघडणं शक्यच नव्हतं.

५

कायद्याचा एक प्रबंध होता, जुना, टाइपरायटरवर केलेला आणि नंतर स्कॅन करून चढवलेला. साल १९८७. तेव्हा आमच्या आईचं लग्नही झालं नव्हतं. शेवटच्या ओळी अशा होत्या:

'धाकटा भाऊ सोमनाथ सर्वांना सांगतो की माझ्या शिक्षणासाठी त्याने शाळा सोडली. तसे नाही. तरीही त्याचे आभार.'

माझे कान गरम झाले. दुकानात, गावात, नातेवाइकांत मी हेच सांगत आलो होतो. ताईसाठी शाळा सोडली. जमीलभाईंनी मला कामावर घेतलं तेही हे ऐकून. खरं म्हणजे मी गणिताच्या मास्तरांच्या अंगावर कंपासपेटी फेकली होती आणि दोन दिवस द्राक्षाच्या बागेत लपून बसलो होतो. ताईने मला शोधून काढलं होतं. मी परत जाणार नाही म्हणालो आणि ती काही बोलली नव्हती. पुढे मी तिच्यासमोर लोकांना तीच गोष्ट सांगायचो, तेव्हाही ती गप्प बसायची.

जमीलभाई मागे येऊन उभे राहिले. मी बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला.

"काय बघत होतास?"

"काही नाही."

"घाणेरडं काही बघत असशील तर दुकानात नको. गिऱ्हाईक लेडीज असतात."

मला ते तसंच वाटलं, घाणेरडं काही बघताना सापडल्यासारखं.

त्यानंतर मी ताईचं पान शोधत होतो की मला झोडपणारी पानं, हे मलाच कळेना. ढोलकीच्या प्रबंधात होतं: 'मी तापाने पडले असता तो मॅच पाहण्यास गेला. त्याचे आभार.' खडकांवरच्या प्रबंधात होतं: 'महाविद्यालयाच्या फाटकापाशी मी हाक मारली. सोबत मित्र असल्याने त्याने ओळख दाखवली नाही. त्याचे आभार.' दूधसंघांवरच्या प्रबंधात वह्यांचा उल्लेख होता, आणि मोरीचा. लिहिणारे सगळे वेगळे, साल वेगळं, गाव वेगळं. कुठेही राग नव्हता. शिवी असती तर बरं वाटलं असतं, मीही उलट दिली असती. पण प्रत्येक ओळ आभार मानून संपत होती.

मी जमीलभाईंच्या फोनवर त्यांतलं एक उघडून बघितलं. तेच होतं. ते त्यांच्या हातात दिलं.

"काय आहे यात? भाऊ आहे, बहिणीने आभार मानलेत." त्यांनी फोन खिशात घातला. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तुझंच नाव आहे म्हणून झोंबतं का? सोमनाथ, घरी जा. झोप. तुझी बहीण गेलीय, तू मन अजून मोकळं केलेलं नाहीस."

मी घरी गेलो नाही. दुपारचे तीन वाजले होते. पडद्यामागे पान उलटत होतं आणि जमीलभाईंना ते ऐकू येत नव्हतं, किंवा येत असेल तर बायंडिंगच्या दुकानात तो आवाज त्यांना नवा नव्हता.

६

वर्षश्राद्धाला तीन दिवस उरले असताना मला ते सापडलं.

ओळखलं ते अंगठ्यावरून. प्रमाणपत्राच्या पानावर खाली खळीने माखलेल्या अंगठ्याचा डाग होता. स्कॅनमध्ये तो करडा दिसत होता. बुधवारी घाईत मीच तो पाडला होता आणि पान बदलायचा आळस केला होता. वर त्या साहेबाचं नाव. आता वाचलं तरी मला त्याचा चेहरा आठवेना.

शीर्षक त्याने फिरवून बोजड केलं होतं. पण आत, पहिल्या प्रकरणाच्या वर, ताईचं शीर्षक तसंच राहिलं होतं: 'द्राक्षबागांमधील स्त्री-मजूर आणि त्यांच्या दुपारच्या विश्रांतीचा अभ्यास.'

मी ते बोट ठेवून वाचलं. चार वर्षं ताई बायकांना विचारत फिरली होती, की दुपारी सुट्टीचा जो एक तास मिळतो त्यात तुम्ही काय करता. आमची आई तीस वर्षं त्याच बागांत होती. मी समजत होतो की ताईचं लिहिणं म्हणजे आमच्यापासून कुठेतरी लांब जाणं आहे. तिने आईवर लिहिलं होतं.

मग मी ऋणनिर्देश उघडला.

सर, ग्रंथपाल, घरमालकीणबाई, बागेतल्या बायका, चिमणाबाई, कंडक्टर, आई. शब्दन् शब्द तोच, मला पाठ होता तसा. तिथे तो संपायला हवा होता. त्याखाली दोन बोटं मोकळी जागा होती आणि मग लिहिलं होतं:

'हे पान लिहून झाल्यावर लक्षात आले की एक नाव राहिले. भांडणामुळे राहिले, तसे व्हायला नको होते. छापण्याआधी घालून घ्यावे म्हणून गुरुवारी दुपारी सात वेळा फोन केला. उचलला नाही, म्हणून स्वतः निघाले. ते नाव असे.'

आणि खाली एकटंच माझं नाव.

फाइल मी मंगळवारी दिली होती. पुस्तकं बुधवारी बांधून गेली होती. गुरुवारची गोष्ट त्यात येऊच शकत नव्हती. त्या साहेबाने लिहिलं म्हणावं तर त्याला फोनचं काय माहीत. मी वार बोटांवर मोजले, मंगळवार, बुधवार, गुरुवार. पुन्हा मोजले.

तिला कळलं नव्हतं. मी वर्षभर समजत होतो की ती मला जाब विचारायला येत होती. ती माझं नाव लिहायला येत होती.

७

एक प्रत छापली. वरचं पान ताईच्या नावाने केलं. सोनेरी अक्षरांचा साचा जमीलभाईंकडे असतो, तो मागितला तर ते पानं चाळायला लागले. प्रतिज्ञापत्रावर थांबले.

"इथे दुसऱ्याच कुणाची सही आहे."

मी रेक्झिन कापायला घेतलं.

"सोमनाथ. हे तिचं काम. या माणसाकडे कसं गेलं?"

"मी दिलं."

बाहेर झेरॉक्ससाठी कुणीतरी हाक मारत होतं. जमीलभाई गेले नाहीत. त्यांनी ते पान गठ्ठ्यातून काढून बाजूला ठेवलं आणि साचा माझ्यासमोर सरकवला. "अक्षरं सरळ बसव," एवढंच म्हणाले. मग बाहेर गेले. सहा वर्षांत ते माझ्याशी इतक्या हळू आवाजात कधी बोलले नव्हते.

मी ऋणनिर्देशाचं पान घेऊन कापायच्या मशीनशी गेलो. आईच्या नावाखाली पातं टेकवलं. खालचा भाग उडवला तर पान थोडं आखूड दिसेल, पण आईला वाचता येत नाही. बाकी कोण बघणार. ती ताईचं पुस्तक ऐकेल, समाधान पावेल आणि माझं गुपित माझ्यापाशी राहील. मी दांड्यावर हात ठेवला.

मागे पान उलटण्याचा आवाज चालू होता. तो थांबला.

आवाज असताना मला इतकी भीती वाटली नव्हती. कुणीतरी वाचता वाचता मान वर करावी, तशी ती शांतता होती. मी दांड्यावरचा हात काढला आणि पान होतं तसं गठ्ठ्यात घातलं.

८

वर्षश्राद्धाला गावाकडून निवृत्तीकाका आले, काकूची सून पूजा आली, घरमालकीणबाई आल्या. सकाळी सगळं आटोपलं. माणसं जेवून दोनच्या आत गेली. पूजा भांडी घासायला थांबते म्हणाली तर आईने तिलाही पाठवून दिलं. "जा बाई, बस चुकंल."

आईने दार लावलं, खिडकी लावली. फेब्रुवारीचं ऊन होतं, तरी पंखा बंद केला. भिंतीशी चटई टाकून बसली. मला समोर बसवलं.

"वाच."

मी शीर्षक वाचलं. दुपारच्या विश्रांतीचा अभ्यास. आईने मान हलवली, माहीत असलेली गोष्ट ऐकावी तशी. मग मी ऋणनिर्देश वाचला. सर, ग्रंथपाल, घरमालकीणबाई. चिमणाबाईचं नाव आल्यावर आई हसली. कंडक्टर झाला. आईचं नाव झालं. मी पुस्तक मिटलं.

"संपलं."

"नाय संपलं."

"आई, इथपर्यंतच आहे. पुढं नुसती माहिती."

"सोम्या," आई म्हणाली, "मला हे पान पाठ हाय. ती रोज दुपारी वाचून दाखवती. तू दुकानावर गेला की. माझ्या नावापोत्तर येती आन् थांबती. म्हनती, आई, पुढचं सोम्याला वाचू दे."

"कधीपासून?"

"मी हितं आल्यापासून. पुस्तक नसतं हातात. तोंडानंच सांगती. म्हनून म्हनलं, पुस्तक आन."

"मग तुला माहीत होतं. मी काय केलं ते."

"पहिल्याच आठवड्यात सांगितलं तिनं."

ती रागावली नव्हती. अकरा महिने तिने मला रोज गरम भाकरी वाढली होती, तव्यावरची, सगळ्यात आधी. दारात उभी राहून जाताना डबा दिला होता. मी रोज तिच्याशी खोटं बोलत होतो आणि ती रोज विचारायची, भाजीत मीठ बरोबर होतं का. मला जमिनीत जावंसं वाटलं. तेवढी खोली पण मोठी वाटली, लपायला जागा नसलेली.

आईने माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि चटईवर ठेवलं. तेव्हा मी बघितलं की ती चटईच्या मधोमध बसलेली नाही. एका कडेला सरकून बसली होती, भिंतीला अर्धी पाठ टेकून. एसटीत शेजारच्याला जागा द्यावी तशी. पुस्तक तिने स्वतःपुढे ठेवलं नव्हतं. त्या मोकळ्या जागेपुढे ठेवलं होतं.

पुस्तक मिटलेलं होतं. मी घागरीकडे बघितलं, पाणी प्यावं म्हणून, एवढाच वेळ माझी नजर हलली. परत बघितलं तेव्हा ते उघडं होतं, ऋणनिर्देशाच्या पानावर. नवं बायंडिंग असं आपोआप उघडत नाही. ते दाबून धरावं लागतं, हे मला माहीत आहे, तेच माझं काम आहे. पानाच्या खालच्या कोपऱ्यावर बोटाएवढा ओला डाग होता. जिभेला बोट लावून पान उलटायची सवय आमच्या घरात एकीलाच होती, आणि तिला त्यावरून मी रोज बोलायचो. डाग माझ्या डोळ्यांदेखत वाळत गेला. कडेने आधी, मग मधे.

"वाच आता," आई म्हणाली.

मी वाचलं. हे पान लिहून झाल्यावर लक्षात आले की एक नाव राहिले. माझा आवाज शाळेतल्या पोरासारखा निघत होता. सात वेळा फोन केला. उचलला नाही, म्हणून स्वतः निघाले. आई डोळे मिटून ऐकत होती. ते नाव असे.

मी तिथे थांबलो. चार अक्षरं. लहानपणापासून पाटीवर लिहिलेली. ती डोळ्यांना दिसत होती आणि तोंडातून निघत नव्हती. माझं नाव त्या पानात असायला मी काय केलं होतं, ते मला माहीत होतं, आणि त्या खोलीत सगळ्यांनाच माहीत होतं.

"नाही येत, आई."

"येतंय."

"माझ्यानं नाही होणार. तूच म्हण ना."

"मी कशी म्हनू. मला कुठं वाचता येतं." आईने पदराने माझं तोंड पुसलं, मग हात शेजारच्या मोकळ्या जागेवर टेकवला, कुणाच्या तरी गुडघ्यावर ठेवावा तसा, चटईच्या जरा वरच.

"सावकाश वाच बाबा," ती म्हणाली. "घाई नाय. आम्ही दोघी बसलोय."